अकरा हजार चारशे

"मॅडम, अकरा हजार चारशे आलाय! मागच्या खेपेला सहाशे चाळीस होता ना?"

लॅबच्या फोनवर पेशंटचा नवरा, बायकोच्या रक्तातल्या व्हायरसचा आकडा सांगत होता. रामबागेत राहणारा, बँकेतला माणूस. बायकोचे सगळे आकडे त्याला तोंडपाठ. तिला ल्युकेमिया, भावाच्या अर्ध्या जुळणाऱ्या स्टेम सेल दिलेल्या, त्याला दीड महिना उलटलेला. घरात पाणी उकळून, पाहुणे बंद, बाहेरचे पोहे-जिलबी तर स्वप्नातही नाहीत. पण सायटोमेगॅलो व्हायरस, म्हणजे आमचा सीएमव्ही, अशा वेळी बहुधा बाहेरून येतच नाही. आपल्याकडे बहुतेकांच्या अंगात तो लहानपणापासूनच मुक्कामाला असतो. प्रतिकारशक्ती शाबूत असेतोवर गप्प पडून राहतो. ट्रान्सप्लांटनंतर, त्यातून जीव्हीएचडीसाठी, म्हणजे दात्याच्या पेशी पेशंटच्याच शरीरावर उठतात त्यासाठी, स्टेरॉइड चालू असलं की डोकं वर काढतो. एकदा फुप्फुसात उतरला तर औषधं असूनही हातात फारसं काही राहत नाही. म्हणून पहिले 100 दिवस दर आठवड्याला पीसीआर, म्हणजे रक्तात व्हायरस किती ते मोजणारी तपासणी.

"पण ती ठणठणीत आहे हो. ताप नाही, खोकला नाही. आत्ताच वरणभात जेवली."

हेच समजावणं सगळ्यांत जड जातं. ठणठणीत असतानाच त्याला धरायचं असतं.

रिपोर्ट व्हॉट्सॲपवर मागवला, तर तो आमच्या लॅबचा नव्हताच. इंदूरची रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, राजवाड्याकडचे रस्ते बंद, म्हणून त्यांनी घराजवळच रक्त देऊन टाकलं होतं. तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं: नमुना होल ब्लड (पेशींसकट सगळं रक्त), एकक कॉपीज (व्हायरसच्या प्रती). आम्ही प्लाझ्मा, म्हणजे पेशी वगळून उरलेला द्रव, तपासतो आणि आकडा आययूमध्ये, म्हणजे आंतरराष्ट्रीय एककात, देतो. होल ब्लडमध्ये पेशींच्या आतला व्हायरसही मोजला जातो, त्यामुळे आकडा सहसा फुगतो. 2010 मध्ये डब्ल्यूएचओचं स्टँडर्ड आलं, आययू रूढ झालं, तरी दोन लॅबचे आकडे एका रांगेत मांडता येत नाहीत. ते म्हणजे मीटरखाली फूट लिहून बेरीज करणं.

पण एवढं सांगून फोन ठेवता येत नव्हता. खरी वाढ किती, ते कळायलाच हवं होतं. तासाभरात जांभळ्या झाकणाची नळी आली. प्लाझ्मा स्वच्छ पिवळा निघाला; लालसर असता तर परत रक्त मागवावं लागलं असतं. दुपारी मशीन लावलं. निगेटिव्ह कंट्रोलची, म्हणजे व्हायरस नसलेल्या नमुन्याची रेघ आडवी पडून राहिली, पेशंटची एकतिसाव्या सायकलच्या (मशीनच्या फेरीच्या) सुमारास वर उठली. 2,300.

तिपटीच्या आतला फरक आम्ही तपासणीतला चढउतार समजून सोडून देतो. आमच्या मागच्या सहाशे चाळीसवरून 2,300 हा त्याच्या वर होता, आणि आमच्याकडची औषध सुरू करण्याची हजाराची रेषाही ओलांडलेली. म्हणजे अकरा हजार खोटा, पण भीती खरी.

ट्रान्सप्लांटच्या सरांना फोन केला. त्यांची पंचाईत वेगळीच. सीएमव्हीवरचं औषध गॅनसायक्लोव्हिर अस्थिमज्जा दाबतं, आणि हिची मज्जा नुकती रुजलेली, न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) 1,300. दुसरं औषध फोस्कारनेट द्यावं तर किडनीवर ताण, आणि किडनीची तब्येत सांगणारं क्रिएटिनिन आधीच वर. शेवटी गॅनसायक्लोव्हिरच ठरलं, किलोमागे 5 मिलिग्रॅम, दर बारा तासांनी, आणि एक दिवसाआड सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी.

पुढच्या आठवड्यात आकडा 2,900. नवरा कागद घेऊन थेट लॅबच्या खिडकीशी. "लागू पडत नाहीये का?" स्टेरॉइडवरच्या पेशंटमध्ये औषध सुरू झाल्यावरही पहिले एक-दोन आठवडे आकडा चढू शकतो, तेवढ्यावरून कोणी रेझिस्टन्स, म्हणजे व्हायरस औषधाला दाद देत नाही, असं म्हणत नाही. मी सांगितलं, त्याने मान हलवली, पण पटलेलं काही दिसलं नाही. मलाही पुढचा रिपोर्ट येईपर्यंत चैन नव्हतं.

तो 700 आला. मात्र न्यूट्रोफिल सहाशेवर उतरले, त्या वाढवायला जी-सीएसएफची इंजेक्शनं द्यावी लागली. लागोपाठ दोन वेळा व्हायरस सापडला नाही, तेव्हा सरांनी औषध थांबवलं. स्टेरॉइड चालूच आहे, म्हणून आठवड्याची नळीही चालू आहे, आमच्याच लॅबला.