परसबाग नोंदवही, दुसरा पावसाळा: सरळ वाफे मोडले त्याची गोष्ट

मागच्या नोंदीत चार वाफ्यांचा नकाशा काढला होता. तो आता फक्त वहीत उरला, जमिनीवर नाही. काळ्या मातीत बाग करणाऱ्यांना माझा अनुभव उपयोगी पडेल, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

नव्यांसाठी थोडी ओळख. आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, सेलू तालुक्यात. घरामागे दीड गुंठा जागा, त्यात एक लिंबू, एक शेवगा आणि भोवती कपाशीच्या वाळक्या काड्यांचं, म्हणजे पऱ्हाट्यांचं कुंपण. मी १९ वर्षं गावात शिवणकाम करते.

मृग

टेप लावून, सुतळी ताणून १० बाय ३ फुटांचे चार सपाट वाफे पाडले. दोन वाफ्यांत वायगावच्या हळदीचं बेणं लावलं, एकूण ४० तुकडे. आपल्याच जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्याची ही हळद. तिला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून ती आपल्या बागेत असावी असं मनात होतं. उरलेल्या दोन वाफ्यांत भेंडी आणि चवळी. दोडका मांडवाला.

पुनर्वसू

तीन दिवस झड लागली. चौथ्या दिवशी पाहते तर हळदीच्या दोन्ही वाफ्यांत पाणी थांबलेलं. आठवड्याभरात कोंब पिवळे पडायला लागले. उपटून पाहिलं तर बेणं मऊ झालेलं, आंबूस वास येत होता. १७ तुकडे कुजले. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

कारण साधं आहे. ही माती पाणी प्यायली की फुगते, तिच्यातल्या फटी मिटतात आणि वरचं पाणी खाली उतरत नाही. वैशाखात याच मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तेव्हा वाटतं हिला कितीही पाणी पाजलं तरी कमीच. हळदीच्या कंदाला मात्र ओल हवी, साचलेलं पाणी नको.

आत्याबाई ओसरीवरून पाहत होत्या. म्हणाल्या, "काहून वं, माती का कापड हाय? पाणी कुठून चाललं ते पाह्य आधी, मंग वाफा घाल."

दुसऱ्या दिवशी पाऊस सुरू झाल्यावर मी मशीन बंद केलं आणि ओसरीवर वही घेऊन बसले. गिऱ्हाइकाचा ब्लाउज बाजूला ठेवून नुसतं पाऊस पाहत बसणं मला जमेल असं वाटलं नव्हतं. वळचणीचं पाणी कुठे पडतं, तिथून कुठे वळतं, लिंबाच्या बुंध्याला कसा वळसा घालतं, शेवग्यापाशी कुठे थबकतं आणि नालीला कुठून मिळतं, हे सगळं पेन्सिलीनं काढत गेले. तासाभरानं वहीत एक लांब वाकडी रेघ तयार झाली. ती रेघ मी ओळखली. तो मुंढा होता! ब्लाउजचा मुंढा, म्हणजे बाही जोडायचा काखेजवळचा गोल काप, मी रोज कापते. अंगाला सरळ कापड बसत नाही हे हातांना इतकी वर्षं ठाऊक होतं, जमिनीसाठी ते कधी वापरलं नव्हतं.

मग घाई केली नाही. ओल्या काळ्या मातीत पाय घातला तर ती घट्ट बसते आणि वाळल्यावर ढेकळं फुटत नाहीत. वापसा यायला, म्हणजे माती काम करण्याइतकी सुकायला, सहा दिवस लागले. त्यानंतर रेघेच्या दोन्ही बाजूंनी एक वीत उंचीचे, वळणदार गादीवाफे केले. मातीत शेणखत, लेंडीखत आणि सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) मिसळलं. मधली रेघ पाण्यासाठी मोकळी सोडली. उरलेली २३ हळद मातीच्या गोळ्यासकट वर हलवली. त्यातली २१ जगली.

जीवामृत आणि मावा

जीवामृत म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेलं पातळ खत. त्याचं प्रमाण काहींनी मला विचारलं होतं. नैसर्गिक शेतीचा प्रसार करणाऱ्या अमरावती जिल्ह्यातल्या सुभाष पाळेकरांच्या पद्धतीत २०० लिटरला १० किलो शेण असतं. परसबागेला तेवढं कशाला? मी २० लिटर पाण्यात १ किलो देशी गाईचं शेण, १ लिटर गोमूत्र, २०० ग्रॅम गूळ, २०० ग्रॅम बेसन आणि बांधावरची मूठभर माती घालते. ४८ तास सावलीत, दिवसातून दोनदा ढवळायचं.

चवळीवर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, आला होता. लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम निंबोळीची पूड रात्रभर भिजवली, गाळून संध्याकाळी फवारली. दोन फवारण्यांत आटोक्यात आला.

पोळ्यानंतर: दोडका

मांडव फुलांनी भरला, पण दोडके धरत नव्हते. मादी फुलं पिवळी पडून गळत होती. मी रोज सकाळी जाऊन पाहायची, फुलं मलूल. एकदा दिवेलागणीला बादली आणायला गेले तर सगळा मांडव पिवळाधमक उमललेला! दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं आणि रात्रीच्या पतंगांची वाट पाहतं. शेजारच्या वेलावरचं घोसाळं मात्र सकाळी उमलतं. दोन्ही एकाच कुळातली, वेळा वेगळ्या.

आता मशीन झाकलं की मांडवाखाली जाते. घोसात येतं ते नर फूल. एकेकटं, देठाशी बारका दोडका घेऊन येतं ते मादी. नर फूल तोडून पाकळ्या मागे सारायच्या आणि परागकोश मादीच्या मधोमध हलकेच टेकवायचे. पहिल्या आठवड्यात नऊ फुलांना हात लावला, सात दोडके धरले. त्या अर्ध्या तासात कोणाशी बोलणं नसतं, कोणाचं माप मनात नसतं. मला शांत बसायला आवडतं, हे या वयात कळलं.

वहीतली रेघ

बागकामात हे बसतं की नाही ठाऊक नाही, तरी लिहिते. आजवर मी शिवलं ते सगळं दुसऱ्याच्या मापानं, दुसऱ्याच्या पसंतीनं. गळ्याचं डिझाइनसुद्धा गिऱ्हाईक मोबाइलवर दाखवतं. पोळ्याच्या पाडव्याला कातरणीची पिशवी उघडली आणि वहीतली पाण्याची रेघ जुन्या लुगड्यावर खडूनं उतरवली. दोन्ही अंगांनी हिरव्या चिंध्या, लिंबाच्या जागी पिवळा तुकडा, मांडवाच्या जागी बारीक चौकटी. गोधडी शिवतेय. नमुना कोणाचा, असं शेजारणीनं विचारलं, तेव्हा "माझा" म्हणताना आवाज जरा कापला.

आत्याबाईंनी त्यात आपल्या हातानं दोन ओळी धावदोरा घातला आहे. हळदीचा भाग अजून कोरा आहे. पानं वाळून कंद निघाले की तिथे हळदीनं रंगवलेलं कापड लावायचं होतं, पण हळदीचा रंग उन्हात उडतो. म्हणून फाल्गुनात पळस फुलेपर्यंत थांबणार आहे. पळसाचा रंग कापडावर तुरटीनं कोणी पक्का केला असेल, तर किती तुरटी आणि किती वेळ भिजवलं ते सांगा. कोजागरीपर्यंत बाकीची गोधडी पूर्ण करायची आहे, भुलाबाईच्या गाण्यांना मुली आमच्याच अंगणात बसतात.