दिवाडीचा बांध: नकाशावरच्या रेघेवर विसंबून जाऊ नका

"दोन तासांचं काम," असं ज्यांनी सांगितलं ते त्या बांधावरून शेवटचे कधी चालले होते, हे मी आधीच विचारायला हवं होतं. आम्हाला सात तास लागले, तेही काम अर्धं टाकून.

काम असं. गोव्यात मांडवी नदीतल्या दिवाडी बेटाच्या नदीकडच्या बांधाचा एक पट्टा पायी चालायचा, कुठे खचलाय, कुठे ठेंगणा आहे, कुठली मानस (बांधातलं पाणी आत-बाहेर सोडणारं दार) गळते ते नकाशावर टिपायचं आणि पावसाआधी तिथल्या कुळांना यादी द्यायची. मी साखळी गावचा. वाळवंटी नदी चढली की आमच्या बाजारातलं पाणी पंप लावून उपसतात, त्यामुळे पाणी कुठून घुसणार हे आधी माहीत असण्याची किंमत मला कुणी शिकवायला नको. सोबत भाचा होता, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला.

नार्व्याहून फेरीने पलीकडे गेलो. चालत जाणाऱ्याला फेरी फुकट आहे. हे लक्षात ठेवा, पुढे पैशांचा विषय येणार आहे.

उपग्रहाच्या चित्रात बांध सलग दिसतो, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत हिरवी रेघ. ती हिरवळ म्हणजे तिवरांचे शेंडे. खाली बांध आहे की नाही, हे वरून कळत नाही. पहिला दीडेक किलोमीटर छान गेला, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मग एका मानशीपाशी जाळं सोडून बसलेल्या काकांनी हटकलं, "थंय वचूं नाका, खांड पडल्या." म्हणजे तिकडे जाऊ नका, बांध फुटून खिंडार पडलंय. भाचा म्हणाला, "मामा, नकाशात तर रस्ता आहे." आणि मी, पन्नाशीचा शहाणा माणूस, नकाशाचं ऐकलं.

खांड चाळीसेक पावलांची होती. दोन्ही टोकांना चिऱ्याचे दगड उघडे पडलेले, मधे तोडक्या बांबूंच्या खुंट्या आणि गुळगुळीत राखाडी चिखल. दिसायला घट्ट. दुसऱ्या पावलाला गुडघा, चौथ्याला मांडी. अमावास्या होऊन दोनच दिवस झाले होते, म्हणजे उधाणाची भरती, आणि आम्ही निघालो सकाळी नवाला, पाणी चढत असताना. यापेक्षा मूर्ख वेळ निवडता आली नसती. बाराच्या सुमारास पुढे खांड आणि मागे आम्ही नुकताच ओलांडलेला सखल तुकडा, तोही पाण्याखाली. मधल्या उंचवट्यावर आम्ही दोघं आणि असंख्य कुर्ल्या.

शेवटी एक होडीवाला आला. चाळीस पावलांचे सहाशे रुपये! घासाघीस करण्याच्या अवस्थेत आपण नसतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दिले. माणूस वाईट नव्हता, भाव वाईट होता. चढण्याआधी ठरवा आणि सुटे ठेवा, कारण परत द्यायला सुटे नसणं हाही त्याच भावाचा भाग आहे.

आता जाणार असाल तर.

चालायची वेळ ओहोटीचीच धरा. उधाणाच्या दिवसांत इथे भरती दुपारच्या आसपास टोकाला येते, तेव्हा पहाटेच निघा. भरतीचं कोष्टक मुरगाव बंदराचं मिळतं. नदीत आत पाणी उशिरा पोचतं, आम्हाला त्या दिवशी पाऊण तासाचा फरक दिसला. तेवढ्या उशिरावर भरवसा ठेवून मात्र खांडीत उतरू नका.

मोबाइलमधली उंची कचरा आहे. जीपीएस जागा बरी दाखवतं, पण उंचीतली त्याची चूक अख्ख्या बांधापेक्षा मोठी असते, आणि इथे प्रश्न वितीदोन वितींचा. भाच्याने सुचवलेली युक्ती मात्र सोन्यासारखी. जवळच्या टप्प्यात भरतीच्या टोकाला पाणी हीच लेव्हल. पाच-सहा माणसं ठरावीक अंतरावर उभी करा, एकाच मिनिटाला प्रत्येकाने बांधाच्या माथ्यापासून पाण्यापर्यंत टेपने मोजायचं. जिथे आकडा सर्वांत कमी, तिथूनच पूर येणार. अख्खा बांध मजबूत करायला पैसे कुणाकडेच नसतात. ठेंगणे तुकडे कळले तर मातीच्या चार गाड्याही कामी येतात. आम्ही दोघंच होतो, त्यामुळे हे जमलं नाही, आणि याचीच सगळ्यात जास्त चुटपुट आहे.

मानस बघाल तर भरतीच्या वेळीच बघा. बाहेरचं पाणी चढलं की त्याच्या दाबाने फळ्या मिटायला हव्यात, ओहोटीला आतल्या पाण्याने उघडायला हव्यात. मिटलेल्या फळ्यांच्या आतल्या बाजूला धार दिसली की लाकूड खाल्लं गेलंय. एका ठिकाणी फळीत दगड अडकवून ती मुद्दाम उघडी ठेवलेली होती, आत जास्त सुंगटं (कोळंबी) यावीत म्हणून. मानशीवर मासळी धरण्याचा लिलाव घेणारा एक आणि खारं पाणी शिरतं दुसऱ्याच्या कोरगुटाच्या (खाऱ्या जमिनीतल्या भाताच्या) शेतात. एकदा खारं शिरलं की ते धुवून निघायला नुसता एक पावसाळा पुरेल याची खात्री नसते.

कुर्ल्यांची बिळं मोजत बसू नका, फक्त कुठे दाट आहेत ते टिपा. तिवरं बांधाच्या बाहेर असतील तर लाटा अडवतात, ती तोडायला सांगू नका. बांधाच्या माथ्यावरच रुजलेली मात्र लिहून घ्या, मुळं माती सैल करतात.

खाजनांचं (बांध घालून भरतीपासून राखलेल्या अशा सखल जमिनींचं) मानचित्रण व्हावं, व्यवस्थापन आराखडा व्हावा, हे २०११ च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेतच लिहिलंय. गोव्यात खाजन सुमारे १८ हजार हेक्टर सांगतात. पूर्वी बांध गांवकारी (गावच्या सामाईक जमिनीची संस्था) सांभाळायची, १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ते कुळांच्या संघांकडे आलं. तिथल्या म्हाताऱ्यांना खांड कुठे पडते ते तोंडपाठ आहे. तेव्हा नकाशा उघडण्याआधी मानशीवर बसून अर्धा तास बोला. मी उलटं केलं.

कुंभारजुव्याच्या कालव्याकडचा पट्टा घेणार असाल तर मगरी आहेत, ही अफवा नव्हे. फोंड्याकडे बांध राखावा म्हणून चिखलाची मगर करून पूजतात, ते उगाच नाही.

दुसऱ्या दिवशी चोडणला गेलो. सोपं होतं, जेवण चांगलं होतं, संपलं.

सामान: जाड सोलचे बूट, घट्ट बांधलेले. चप्पल किंवा सॅंडल घातलीत तर माझं नाव घेऊ नका. हातात बांबू, मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत, पाणी तुम्हाला वाटतं त्याच्या दुप्पट.

भाच्याचा डावा बूट अजून तिथेच आहे. दिसला तर उपसू नका. खांडीच्या पूर्वेकडच्या टोकाची खूण म्हणून तो नकाशात टाकलाय.