पडला तर एक, कोलांटीला दोन

रविवार, २४ मार्च २०२४

आज होळी, आणि मी पहाटभर बर्फ बघत बसले. माँट्रियलला शनिवारची संध्याकाळ होती, पुण्यात रविवार उजाडायचा होता. फिगर स्केटिंगच्या जागतिक स्पर्धेतलं पुरुषांचं फ्री स्केट, म्हणजे दोनपैकी दुसरी, मोठी फेरी. मांडीवर लॅपटॉप, कानात इयरफोन, तोंडावर हात, कारण घरात सगळे झोपलेले आणि ओरडायची सोय नाही.

आधीच सांगून टाकते, मी उड्या मोजणाऱ्यांतली नाही. मी पाय बघते. गुडघा किती मऊ वाकतोय, पात्याची कड किती कलतेय, धक्का न देता वेग येतोय कुठून. म्हणून माझा माणूस जपानचा शोमा उनो. शॉर्टनंतर, म्हणजे पहिल्या छोट्या फेरीनंतर, तोच पुढे होता, १०७.७२ गुणांवर. मागे युमा कागियामा १०६.३५ आणि इलिया मालिनिन १०५.९७. तिघांत पावणेदोन गुणांचं अंतर! २०२२ आणि २०२३ ची विजेतेपदं शोमाचीच, हे सलग तिसरं होईल म्हणून मी मनातल्या मनात पेढेही वाटून मोकळी झाले होते.

पण खरी गंमत पहिल्याच गटात झाली. फ्रान्सचा ॲडम सिआओ हिम फा. युरोपचा विजेता, आणि शॉर्टमध्ये ७७.४९ घेऊन थेट एकोणिसावा. (आईवडील मूळचे मॉरिशसचे. तिथे मराठी माणसं गणपती बसवतात, एवढ्याशा धाग्यावर मी त्याला कधीच आपला करून टाकलाय.) चोवीस जणांत एकोणिसावा म्हणजे प्रेक्षक खुर्च्या शोधत असतानाच तुमची पाळी. आता आणखी काय जाणार, अशा थाटात तो खेळला. आणि मध्येच त्याने मागे कोलांटी मारली! नियमात २०२४ च्या या मोसमापर्यंत साफ बंदी होती. १९७६ च्या ऑलिंपिकमध्ये टेरी क्युबिकाने मारली, त्यानंतर ती बाद झाली. १९९८ मध्ये नागानोला सुरिया बोनालीने तरीही मारली, तीही एका पायावर उतरून. ॲडमचे दोन गुण कापले. त्यानंतरही २०६.९०, एकूण २८४.३९. मग तो जो आघाडीच्या खुर्चीत जाऊन बसला तो बसूनच राहिला. गट येतायत, जातायत, आणि हा आपला तिथेच.

शोमाबद्दल लिहायला हात वळत नाहीये. सुरुवातीच्याच क्वाड, म्हणजे हवेत चार फेरे घ्यायच्या उड्या, बिघडल्या. मी लॅपटॉप अर्धा मिटला आणि फटीतून बघत राहिले, जणू त्याने फरक पडणार होता. फ्रीचे १७३.१३, एकूण चौथा, ब्राँझ साडेतीन गुणांनी हुकलं, ते ॲडमला गेलं. पण उड्या हातातून गेल्यावरही पुढचा संथ भाग त्याने उरकला नाही. प्रत्येक वळण शेवटपर्यंत नेऊन सोडलं. गुणपत्रिकेत याला रकाना आहे, पण तो एका क्वाडपुढे किती टिकणार?

जेसन ब्राउनने एकही क्वाड न मारता पाचवा नंबर घेतला. त्याला माझा नमस्कार, बाकी त्याच्यावर वेगळं पान लिहीन.

आता मालिनिन. आजवर मी त्याला 'उडीमास्तर' म्हणत आले. हात मध्येच कुठेतरी विसरतो, संगीत एकीकडे आणि तो दुसरीकडे, हे माझं जुनं तुणतुणं. आज त्याने क्वाड ॲक्सलने सुरुवात केली. ॲक्सल म्हणजे तोंड पुढे ठेवून झेप घ्यायची, म्हणून चारऐवजी साडेचार फेरे. जपानच्या हान्यूसारख्या दिग्गजाला बीजिंग ऑलिंपिकमध्ये ती साधली नाही, या मुलाने २०२२ च्या सप्टेंबरात पहिल्यांदा मारली. आज ती इतकी सहज उतरली की मी मागे नेऊन पुन्हा पाहिली. मग उड्यांचे बाकीचे प्रकार: लुट्झ, लूप, साल्को, पुन्हा लुट्झ, टो. सहा क्वाड. एकही निसटली नाही. शेवटी तो डोकं धरून बर्फावरच बसला. फ्रीचे २२७.७९, अमेरिकेच्या नेथन चेनचा २२४.९२ चा विक्रम गेला. एकूण ३३३.७६, चेनचा एकूण विक्रम मात्र दीड गुणाने वाचला. मी टाळ्या वाजवल्या, हे इथे लिहून ठेवते. हातांबद्दलचं मत बदललेलं नाही.

टाळ्यांनी आई उठली. डाळ कुकरला लावून शेजारी येऊन टेकली. तिला मी युमाचा फ्री दाखवला. बापाकडे शिकलेला पोरगा, बर्फावर लोण्यातून सुरी जावी तसा जातो. ट्रिपल ॲक्सलवर पडला, तरी ३०९.६५ आणि रौप्य. २०२१, २०२२ आणि आता, जागतिक स्पर्धेतलं तिसरं रौप्य.

"पडला तरी दुसरा?"

"पडल्याचा एक गुण कापतात गं. उडीचे जातात ते वेगळे."

मग ॲडमची कोलांटी दाखवली.

"हा तर पडला नाही."

"नाही. पण बंदी आहे ना, म्हणून दोन कापले."

आई माझ्याकडे बघत राहिली. "म्हणजे पडला तर एक, आणि न पडता एवढं केलं तर दोन? कोणी केलाय हा नियम?"

आंतरराष्ट्रीय महासंघाची बाजू मी मांडून पाहिली. धोका, मान, डोकं वगैरे. "आणि ते साडेचार फेरे काय गादीवर मारतात?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिने कोलांटी आणखी दोनदा लावायला सांगितली. मी मालिनिनकडे परत गेले, उड्या बोटांवर मोजत.

"किती झाल्या गं?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

"सहा."

"सहा? अगं, बंद कर मग, पुरणाचं पिठलं होईल!"