माजी राजधान्या

परवा दुपारी शेजारची सहावीतली मुलगी सामान्यज्ञानाचे पुस्तक घेऊन आली आणि "काका, कझाकस्तानची राजधानी नूरसुलतान की अस्ताना?" असे विचारू लागली. २०१९ साली अस्तानाचे नूरसुलतान झाले आणि २०२२ साली पुन्हा अस्ताना झाले, एवढे सांगून मी तिची बोळवण केली. मन मात्र अल्माटीपाशी अडकले. १९९७ पर्यंत राजधानी ती होती. राजधान्यांपेक्षा राजधानीपण गेलेल्या शहरांकडे माझा ओढा अधिक आहे, आणि नागपूरकराला तो का असावा, हे सांगण्याची गरज नाही.

आजोबांच्या जुन्या नकाशांच्या पुस्तकात ब्राझीलची राजधानी रिओ होती आणि पाकिस्तानची कराची. नागपुरातल्या महाल भागातल्या घरी उन्हाळ्याच्या दुपारी, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून झाले की, ते आम्हा नातवंडांना राजधान्या विचारीत. कोणी "ब्राझिलिया" म्हटले की कालपरवा बिऱ्हाड थाटलेल्या भाडेकरूबद्दल बोलावे तसे ते म्हणत, "हं, ती १९६० पासूनची." त्या पुस्तकात त्यांनी एकही दुरुस्ती केली नाही. मध्य प्रदेशाच्या पानावर मोठ्या टिंबाशेजारी अखेरपर्यंत नागपूरच राहिले, जरी १ नोव्हेंबर १९५६ रोजी ती राजधानी भोपाळला गेली होती आणि आम्ही मुंबई राज्यात आलो होतो.

गेलेल्या मानाची भरपाई आम्ही आकड्यांत शोधतो. रिओ ब्राझिलियाहून मोठे, कराची इस्लामाबादहून, नायजेरियातले लागोस अबुजाहून, अल्माटी अस्तानाहून. आणि २०११ च्या जनगणनेत नागपूरही भोपाळहून मोठे भरले, याचा मला उगाचच आनंद आहे. मात्र आमचे खरे भावंड म्हणजे पश्चिम जर्मनीची जुनी राजधानी बॉन. २० जून १९९१ रोजी जर्मन संसदेने ३३८ विरुद्ध ३२० मतांनी बर्लिनला कौल दिला, तेव्हा बॉनची समजूत काही मंत्रालये तिथेच ठेवून आणि पुढे 'संघीय शहर' अशी पदवी देऊन काढण्यात आली. आमच्या उपराजधानीपेक्षा हा सौदा बरा म्हणायचा, कारण त्यांची मंत्रालये बारमाही आहेत आणि आमची हिवाळी.

आजोबा इथल्या सचिवालयात कारकून होते. फायलींबरोबर त्यांचीही रवानगी मुंबईला झाली. आजी आणि मुले महालातच राहिली, कारण मुंबईत बिऱ्हाड करण्याइतका पगार नव्हता. पुढे दर हिवाळ्यात अधिवेशनाच्या कामासाठी ते सरकारी खर्चाने स्वतःच्याच घरी येत आणि कामकाज संपले की इतरांबरोबर परत जात. त्या काही दिवसांत त्यांना अहो म्हणायचे की अरे, हे माझ्या वडिलांना बरीच वर्षे ठरवता आले नव्हते.