गोळी आणि गाडी
त्याच्या उजव्या तळहातावर किल्लीचा वण होता. त्याच्याच टेंपोची किल्ली. फिटचा झटका आला तेव्हा हातात लोखंड द्यायचं म्हणून शेजाऱ्यांनी हाताला लागली ती किल्ली मुठीत कोंबली. कुणी चप्पल हुंगवली, कुणी तोंडात चमचा घालायला बघितला. दातखीळ बसलेली म्हणून चमचा राहिला, हे नशीबच. कुशीवर वळवायचं मात्र एकालाही सुचलं नाही.

बेळगावात माझा दवाखाना आहे आणि खानापूर भागातले पेशंट बरेच येतात. हा जांबोटीकडचा, वय 34. रात्री मार्केटात भाजी भरायची, कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरून उजाडायच्या आत गोव्यात पोचवायची. सलग दोन रात्री गाडी मारून घरी येऊन सोप्यात पडला होता, तेव्हा भरदुपारी हे झालं. जिभेची उजवी कड चावून काळीनिळी पडली होती. बायको सांगत होती, "आधी मोठ्यानं वरडले, मग ताठ झाले हो. लुंगी भिजली. शुद्धीवर आल्यावर मलाच विचारतात, तू कोण म्हणून."

साखर, सोडियम, ईसीजी ठीक निघालं. आपल्या भागात मेंदूत जंताची गाठ बऱ्याचदा सापडते, तीही एमआरआयमध्ये नव्हती. झोपेत काढलेला मेंदूच्या लहरींचा आलेख, म्हणजे ईईजी, तोसुद्धा साफ. जागरणावर सगळा दोष ढकलून मोकळं व्हावं असं मलाही वाटलं, पण जागरण हे निमित्त. दोन रात्री जागून ड्रायव्हिंग करणारे शेकडो आहेत, सगळ्यांना झटका येत नाही.

आठव्या दिवशी रिपोर्ट घेऊन तिघं आली, तो, बायको आणि आई. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला, "मॅडम, गोळी लिहा. सोमवारपासून गाडी काढतो."

लेव्हेटिरासिटाम या झटक्यावरच्या गोळीचं पहिलं अक्षर कागदावर उमटलंही होतं. तिथंच मी थांबले. हा माणूस माझ्याकडे औषध मागतच नव्हता, गाडी चालवायची परवानगी मागत होता. मी गोळी लिहिली असती तर ती परवानगीच झाली असती.

पेन खाली ठेवून मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. असा पहिला झटका आलेले 100 जण घेतले, तर साधारण 40 जणांना दोन वर्षांत दुसरा येतो, त्यातही पहिल्या वर्षात जास्त. रिपोर्ट साफ असल्यानं तुमचा धोका त्याहून कमी. गोळीनं पहिल्या दोन वर्षांतला धोका आणखी उतरतो. पण आज सुरू करणारे आणि दुसऱ्या झटक्यापर्यंत थांबणारे, दोघांचं पुढं बऱ्याच वर्षांनी सारखंच होतं. त्यात गोळीनं पेंग येते, कुणाला चिडचिड होते. तेव्हा घ्या किंवा थांबा, मला दोन्ही पटेल. गाडीचं तसं नाही. इंग्लंडात पहिल्या झटक्यानंतर कार निदान 6 महिने बंद, ट्रक आणि बस 5 वर्षं, आणि ती 5 वर्षं झटक्यावरचं औषध न घेता काढायची. आपल्याकडेही लायसन्सच्या फॉर्म 1 मध्ये फेफरं किंवा अचानक शुद्ध जाण्याचा त्रास आहे का, असं विचारतात आणि खाली आपणच सही करायची असते.

"आणि हप्ता कोण भरणार?" तो म्हणाला. याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आजही नाही.

आई मध्येच म्हणाली, "कागदावर फिट लिहू नका हो, धाकटीचं लग्न ठरलंय." मी म्हटलं, "मावशी, झटका आला तो लिहिणारच. पण रिपोर्ट साफ असताना एका झटक्याला आम्ही मिरगी म्हणत नाही, तेही लिहिते." त्यांना तेवढं पुरलं.

बायको इतका वेळ गप्प होती. ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "त्या दिवशी पहाटे हे घाटातच होते की."

त्यावर कुणीच काही बोललं नाही.

गोळी नको, असं त्यानंच ठरवलं. मी मोठ्या अक्षरात मराठीत लिहून दिलं: टेंपो नाही, मोटारसायकल नाही, विहिरीत पोहणं नाही, दारू नाही, रात्रीची झोप पुरी. परत झटका आला तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, पाच मिनिटांत थांबला नाही तर लगेच दवाखान्यात आणा. किल्ली देऊ नका, हेही लिहिलं.

आता दहा महिने झाले. झटका आलेला नाही. धाकटा भाऊ टेंपो चालवतो, हा मार्केटात दिवसा हिशेब बघतो, मिळकत निम्म्यावर आली आहे. परवा येऊन म्हणाला, "दहा महिने काही नाही, म्हणजे बसून राहिलो ते फुकटच की." गावापुरती मोटारसायकल चालवायला मी होकार दिला. रात्रीच्या घाटाला नाही म्हटलं. तो रागानं उठून बाहेर गेला. बायको मागं थांबली आणि पुढची तारीख लिहून घेऊन गेली.