भौतिक अवस्था कायम असताना

एसएसएलसीच्या (दहावीच्या) गाईडात ओहमचा नियम एका ओळीत उरकलेला असायचा: दाब (व्होल्टेज) वाढेल तसा करंट वाढतो, व्ही बरोबर आय गुणिले आर, म्हणजे दाब बरोबर करंट गुणिले रोध. आमच्या विज्ञानाच्या सरांना तेवढ्यानं समाधान नसे. व्याख्येची सुरुवात 'वाहकाची भौतिक अवस्था कायम असताना' अशी व्हायलाच हवी. ते शब्द गाळले की पुन्हा पहिल्यापासून म्हणायचं, मग घंटा झाली तरी बेहत्तर.

एकदा त्यांनी ट्रकची जुनी बॅटरी आणि इंडिकेटरचा बल्ब आणला. बल्बच्या पितळी टोपीवर १२ व्होल्ट, २१ वॅट असं बारीक उमटवलेलं. आधी थंड बल्बचा रोध मोजला, तो एका ओहमच्या आसपास भरला. "मग करंट किती?" बारा भागिले एक, वर्ग एका सुरात "बारा" म्हणाला. सरांनी बटण दाबलं. अँमीटरचा काटा उसळला आणि मागं येऊन पावणेदोनवर थांबला. १२ गुणिले १.७५ म्हणजे २१ वॅट, टोपीवरचा आकडा जसाच्या तसा. पण १२ भागिले १.७५ केलं, तर रोध सातच्या जवळ! एकाच तारेचा मघाशी एक, आता सात? दोन्ही खरे. टंगस्टनची तार पांढरी होईतो तापली की तिचा रोध कैक पटींनी वाढतो. अवस्था कायम राहिली नव्हती, एवढंच.

ओहम स्वतः कोलोनच्या शाळेत शिकवायचे, हे सर जरा अभिमानानं सांगत. त्यांचं पुस्तक १८२७ चं. त्या काळच्या बॅटरीचा दाब सारखा हलायचा, म्हणून त्यांनी दोन धातूंच्या जोडाचं एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरं बर्फात ठेवून दाब स्थिर केला, आणि मगच तारा मोजल्या.

आज खानापूर भागात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. उन्हाळ्यात पंपांची रांग लागते. वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तांब्याच्या तारेची वेटोळी, काळं पडलेलं, वार्निशचा करपट वास, आणि शेतकऱ्याचा ठरलेला सवाल: "दाब कमी हुता, मग करंट बी कमीच जाणार की! मोटर जळली कशी?"

हीटरच्या बाबतीत त्याचं म्हणणं रास्त आहे. २३० व्होल्टला १५०० वॅटचा हीटर १७० ला जेमतेम ८२० वॅट देतो, कारण शक्ती दाबाच्या वर्गानं उतरते; पाणी तापायला जवळजवळ दुप्पट वेळ, पण कॉइल सुखरूप. पंपाची मोटर म्हणजे नुसती तार नव्हे. पाणी तेवढंच वर चढवायचं असतं, मग दाब घटला की ती करंट जास्त ओढते. ४१५ व्होल्टचे ३३० झाले तर करंट साधारण सव्वापट, आणि वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गानं, म्हणजे दीडपटीहून जास्त. त्यात तांबं तापलं की त्याचाही रोध वाढतो. गिऱ्हाइकाला मी हे बिलाच्या पाठीवर मांडून दाखवतो. काही जण हिशेब घेऊन जातात, काही जण बिलात सूट मागतात.

शाळेच्या नव्या प्रयोगशाळेसाठी मीटर आणि बॅटरी मी पाठवतोय. इंडिकेटरचा बल्ब मात्र तारेचाच घ्या, एलईडीचा नको. त्यात तार नसते, काटा उसळून मागं आलेला पोरांना दिसणार नाही.