तुम्ही विचारलंत म्हणून: तसलं चाकांचं धनुष्य का नाही घेत?

अदिती स्वामीने २०२३ साली बर्लिनला जागतिक विजेतेपद मिळवलं, तेव्हापासून साताऱ्यात धनुष्य म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे कंपाउंडच येतं. चाकं, केबल, नेम धरायला भिंग. मग माझ्या हातातली पुरुषभर उंचीची लाकडी पट्टी बघून विचारतात, "अहो, तसलं का नाही घेत?"

पैशाचा भाग आहे, नाही कशाला म्हणू? पण ते धनुष्य तयार होऊन येतं आणि मला तयार करण्यातच जास्त रस आहे. नेमबाजी त्यानंतर.

दुसरं कौतुक होतं, "शिवकालीन का?" राजधानीचं गाव आपलं, त्यामुळे होणारच. पण नाही हो. आपल्याकडची लढाईची नामांकित धनुष्यं शिंग, लाकूड आणि स्नायूंचे तंतू सरसात चिकटवून केलेली, उलट्या बाकाची. माझं आहे फ्लॅटबो. मधली मूठ अरुंद, जाड, न वाकणारी. वरचं-खालचं पातं दोन बोटांहून रुंद आणि चपटं. डेन्मार्कात होल्मेगार्डला दलदलीत या घडणीची एल्मच्या लाकडाची धनुष्यं सापडली, ती सुमारे ९००० वर्षांपूर्वीची.

चपटं का, तर ताण पसरतो. धनुष्य ओढलं की निशाणाकडची बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते आणि आपल्याकडचं पोट दाबलं जातं. पाठीवरचे रेषे सलग हवेत. एक रेषा जरी मध्येच तुटून काठाला गेली तरी चिरफळी तिथूनच उठते. म्हणून वखारीत मी लाकडाच्या जातीआधी रेषा बघतो. धामण मिळाली तर उत्तमच. जुने लोक अवजारांचे दांडे तिचे करायचे ते उगाच नाही, लवचीक आणि चिवट.

खरं काम पुढे. धनुष्याची मूठ भिंतीवरच्या खुंटीवर अडकवायची, दोरी खालच्या कप्पीतून घ्यायची आणि समोरच्या भिंतीशी उभं राहून हळूहळू ओढायची. दोन्ही पाती सारखी वाकतात का, एवढंच बघायचं. जिथे ताठ दिसेल तिथे पेन्सिलीची खूण. जिथे जास्त वाकतंय तिथे हात लावायचा नाही, भोवतालचं तासायचं. हे सुरुवातीला डोक्यात बसत नाही, हात नेमका वाकलेल्या जागीच जातो. रुंदी तेवढीच ठेवून जाडी १० मिलिमीटरची ९ केली की ताठपणा पाव भागाहून जास्त उतरतो, कारण तो जाडीच्या घनावर चालतो. म्हणून शेवटी रंधा ठेवून द्यायचा आणि काचेच्या तुकड्याने खरवडायचं. पीठ पडावं इतकंच. मग वीस-तीसदा थोडं थोडं ओढायचं, म्हणजे काढलेल्याचा परिणाम दिसतो. घरचे म्हणतात, धनुष्य करतोय की भिंतीकडे बघतोय?

चालवायची तऱ्हाही वेगळी. कंपाउंड पूर्ण ओढल्यावर चाकं बहुतेक भार स्वतःवर घेतात, म्हणून नेम धरून थांबता येतं. इथे भार शेवटपर्यंत वाढतच जातो. ४० पौंडाचं धनुष्य पूर्ण ओढलं की बोटांवर ४० पौंडच. दोरी ओठांच्या कोपऱ्याला टेकली की सोडायची, रेंगाळलात तर हात थरथरतो. बाण मुठीवर ठेवलेला असतो आणि सुटताना त्याला लाकडाला वळसा घालून जावं लागतं, त्यासाठी तो धनुष्याला बेताचा वाकणारा लागतो. फार ताठ असला तर उजव्या हाताने ओढणाऱ्याचा डावीकडे जातो. लोक मात्र दोष आपल्या नेमाला देतात.

आपल्याकडच्या पावसात लाकूड ओल धरतं आणि जोर उतरतो, म्हणून त्या दिवसांत माझं धनुष्य दोरी उतरवून आडवं टांगलेलं असतं. एरवी बघायला, ओढायला खुशाल या. फक्त बाण न लावता दोरी ओढून सोडू नका. बाणाला मिळायचा तो सगळा जोर पात्यांवरच उलटतो आणि लाकूड उभं फाटतं.